मौनीची सभा

रविवारी दुपारची जेवणं उरकली, दादांनी हात पुसले आणि ताटावरून उठायच्या आधीच जाहीर केलं, "आज या घरातलं कुणी मैदानावर जाणार नाही."

ताटावर तेव्हा तिघंच होती. दादा, वहिनी आणि आत्या. दादांचा मुलगा, आता छापखाना तोच बघतो, जेवायला वर आलाच नव्हता. खाली यंत्र चालू होतं आणि त्याची घरघर फरशीतून तळपायांना कळत होती. म्हणजे हुकूम काढला सगळ्या घराला, पण तो होता दोन बायकांसाठी.

"मला चष्मेवाल्याकडे जायचंय," वहिनी म्हणाल्या. "काडी सैल झालीय."

"चष्मेवाल्याचं दुकान मैदानाला लागून आहे."

"असेल. मी थोडंच तिथे नेऊन ठेवलंय."

"आणि आज रविवार. दुकान बंद असतं."

वहिनींनी चष्मा काढला, काडी दोनदा हलवून पाहिली आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बंद आहे की उघडं, ते गेल्याशिवाय कसं कळणार? वन्सं, येता का सोबत?"

आत्याने खरकटी भांडी एकात एक घालत मान डोलावली. तिला सोबत म्हणून जायचं नव्हतंच, ती सकाळपासून याच संधीची वाट बघत होती. अडुसष्ट वर्षांची झाली तरी तिचा चौकसपणा काही कमी झालेला नव्हता. दादा तिला लहानपणी म्हणायचे, हिला शेजारच्या घरात दुधाचं भांडं पडलं तरी कुणी पाडलं, किती सांडलं आणि पुसलं कुणी, एवढं कळल्याशिवाय झोप येत नाही. पुढे तिने त्याच गुणाची नोकरी केली. नगरसभेत छत्तीस वर्षं ती लघुलेखक होती. सभागृहात अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक बुटकं टेबल असायचं, तिथे बसून सभासद जे जे बोलतील ते ते ती पेन्सिलीने वळणावळणाच्या खुणांत टिपायची आणि दुसऱ्या दिवशी टंकून द्यायची. ती भाषणं ऐकायची नाही, उतरवून घ्यायची. माणूस मिनिटाला किती शब्द बोलतो हे तिला घड्याळ न बघता सांगता यायचं. दीडशेच्या वर गेला की तो काहीतरी लपवतोय, असा तिचा अनुभव होता.

आज संध्याकाळी पाच वाजता मैदानावर जी बोलणार होती, ती या घराचीच मुलगी होती. दादांच्या आणि आत्याच्या पाठचा भाऊ, सगळे त्याला धाकटा म्हणायचे, त्याची ही एकुलती एक लेक. चार वर्षांची होईपर्यंत ती एक अक्षर बोलली नव्हती, म्हणून तिचं नाव पडलं होतं मौनी. ती मौनी आता अडतीस वर्षांची होती आणि नगराध्यक्षाच्या खुर्चीसाठी अपक्ष उभी होती. समोर होते चालू नगराध्यक्ष. त्यांची पत्रकं खाली दादांच्याच यंत्रावर छापली जात होती.

मौनी बोलते कशी, हे आत्याला ऐकायचं होतं. सात वर्षांची होती तेव्हा तिचा आवाज शेवटचा ऐकलेला. त्यानंतर सहा वर्षांपूर्वी धाकटा गेला तेव्हा ती दिसली होती, पण त्या दिवशी कुणीच काही बोललं नव्हतं.

मधल्या इतक्या वर्षांचं कारण सगळ्या शहराला माहीत होतं. धाकटा पाणीखात्यात पंपचालक होता. एकतीस वर्षांपूर्वी, ऐन कडक उन्हाळ्यात, एके दिवशी सकाळी त्याने शहराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, चाकाला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून पंपघराच्या पायरीवर बसून राहिला. तीन दिवस एकाही नळाला थेंब नव्हता. पाण्यात काहीतरी आहे, एवढंच तो म्हणत होता. चौथ्या दिवशी कुलूप तोडलं, टाकी उपसून पुन्हा भरली, आणि कुणालाही काही झालं नाही. हेच त्याच्या मुळावर आलं. दोघे-चौघे आजारी पडले असते तर तो शहाणा ठरला असता. कुणीच पडलं नाही, म्हणून तो माथेफिरू ठरला. नोकरी गेली. नगरसभेचं सगळं छपाईकाम तेव्हा दादांकडे होतं, आणि त्यांनी छापखान्याच्या दारावर सुबक अक्षरात पाटी लावली, की पाणीखात्यातल्या प्रकाराशी आणि तो करणाऱ्याशी या छापखान्याचा काही संबंध नाही. धाकटा त्या पाटीसमोर एकदा उभा राहिला, वाचली, आणि बायको-मुलीला घेऊन नदीपलीकडे राहायला गेला. तिथे मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं. या घरात परत आला नाही.

मैदानावर पोचल्या तेव्हा पावणेपाच झाले होते. चष्मेवाल्याचं दुकान अर्थातच बंद होतं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आत्याला हे सगळंच नवीन होतं. जन्मभर भाषणं ऐकली, पण चार भिंतींच्या आत. उघड्यावर शब्दांचं काय होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. फळ्यांचं व्यासपीठ, त्याला निळं कापड गुंडाळलेलं, एका कोपऱ्यात ते सुटून फडफडत होतं. समोर पांढऱ्या खुर्च्या, सगळ्या सावलीच्या बाजूला भरलेल्या आणि उन्हाच्या बाजूला रिकाम्या. एक माणूस माइकमध्ये "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणत होता आणि चारापर्यंत काही केल्या जात नव्हता. पलीकडे गोदामाची उंच भिंत होती. तिथे आदळून प्रत्येक शब्द क्षणभर उशिरा परत येत होता, त्यामुळे एकाच वेळी दोन माणसं तीन म्हणतायत असं वाटायचं.

"इथे बसू नका, घोळ होईल," आत्या म्हणाली. "पुढे सरकू. मधोमध बसलं की भिंतीतला आवाज कमी लागेल."

"आपण ओळखू येऊ," वहिनी म्हणाल्या, पण आत्याच्या पुढे चालत.

सातव्या रांगेत दोन खुर्च्या मिळाल्या. पहिल्या रांगेत, कडेला, पाठमोरी धाकटी बसलेली होती. मौनीची आई. केस पार पांढरे झालेले. शेजारच्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली होती, जणू कुणासाठी जागा धरलीय. वहिनींनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान वळवली. दोघी जावा एकाच स्वयंपाकघरात नऊ वर्षं राबल्या होत्या, आणि नंतर एकतीस वर्षं रस्त्यात समोरासमोर आल्या तरी बोलल्या नव्हत्या.

खुर्चीवर एक पत्रक होतं. आत्याने उचललं, वाचलं, मग उलटं करून कडेवरून बोट फिरवलं.

"वहिनी, हे आपल्याकडचं आहे."

"काहीतरीच."

"खालच्या कडेला दातरी बघा. आपल्या कापायच्या मशीनच्या पात्याला त्या जागी खाच पडलीय. कागदसुद्धा आपलाच, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकांतला उरलेला." ती वहिनींकडे बघत राहिली. "चिरंजीव जेवायला वर का येत नाहीत, ते कळलं आता."

वहिनी समोर बघत म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला. म्हटलं, बापाचं गिऱ्हाईक बापाने बघावं, आणि चुलतबहिणीचं तू. ह्यांना कळलं तर माझं नाव सांग म्हटलं."

आत्याला हसू आलं. तीस-चाळीस वर्षं एका छपराखाली काढूनही या बाईच्या पोटात काय काय असतं त्याचा पत्ता लागत नाही, असं तिला वाटलं.

आधी दोन वक्ते झाले. एक निवृत्त मुख्याध्यापक, मिनिटाला एकशे साठ, त्यातले कामाचे चाळीस. मग एक वकील, जो प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचा, आणि भिंत त्याचं सहा वेळा करायची. लोक पाय हलवायला लागले. आत्याचं लक्ष मात्र व्यासपीठावरच्या मागच्या खुर्चीत होतं. तिथे एक सडपातळ बाई गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. वक्त्याकडे न बघता ती लोकांकडे बघत होती, एकेकाकडे, जणू मोजत होती की कोण ऐकतंय.

मग ती उठली. माइक खाली ओढून घेतला. आणि थांबली. चांगली पाच-सहा सेकंद. भिंतीतला आधीचा आवाज पूर्ण विरेपर्यंत.

"मी पाणी तपासायचे," मौनी म्हणाली. "नगरसभेच्या प्रयोगशाळेत. रोज बारा बाटल्या यायच्या. तुमच्या कुणाच्या नळाला कसलं पाणी येतं ते मला माहीत असायचं. आणि ते तुम्हाला सांगायची मला परवानगी नव्हती. म्हणून नोकरी सोडली आणि उभी राहिले."

मिनिटाला ऐंशी. प्रत्येक वाक्यानंतर ती भिंतीला तिचं वाक्य संपवू द्यायची, मगच पुढचं घ्यायची. आत्याच्या उजव्या हाताचं बोट तिच्या नकळत मांडीवर चालायला लागलं. ही थांबायची रीत तिने कुठेतरी ऐकली होती. धाकटा असाच बोलायचा, एकेक शब्द हातात घेऊन बघितल्यासारखा.

मौनीने नळांचं सांगितलं, गटारांचं सांगितलं, कुठल्या वस्तीत दोन नळ्या एकाच खड्ड्यातून जातात ते सांगितलं. आणि मग, आवाज न बदलता, वडिलांचं. रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी वरच्या बाजूला नदीत सोडत होते, टाकीत तवंग येत होता, ते त्यांनी कळवलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला.

"खोटं," कडेच्या कठड्यावरून एक माणूस ओरडला. त्याच्या हातात भोंगा होता आणि दुसऱ्या हातात कागद. बरोबर चार-पाच जण होते, सगळे नगराध्यक्षांच्या कचेरीतले, आत्या चेहऱ्यांनी ओळखत होती. "चौकशीचा अहवाल आहे माझ्याकडे. ऐका. 'सदर कर्मचाऱ्याने कोणतीही पूर्वसूचना न देता शहराचा पाणीपुरवठा तीन दिवस बंद ठेवला.' कोणतीही पूर्वसूचना न देता. कळवलं होतं म्हणे."

भिंतीने ते शब्द परत पाठवले. कोणतीही पूर्वसूचना न देता.

आत्याचं बोट थांबलं. ते वाक्य तिने टंकलं होतं. 'सदर'मधला 'द' उमटत नव्हता, म्हणून ते अक्षर दोनदा दाबावं लागलं होतं, हेसुद्धा तिला आठवलं. एकतीस वर्षं ते वाक्य कुठल्यातरी कपाटात पडून होतं, आणि आज ते भर मैदानात, भोंग्यातून, तिच्याच कानावर येत होतं.

मौनीने त्या माणसाला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "ते वाक्य फायलीत आहे. मी वाचलंय. बाबा म्हणायचे, मी पूर्वसूचना दिली होती. आदल्या संध्याकाळी, नगरसभेच्या बैठकीत, उभं राहून. चार मिनिटं बोललो होतो."

"मग कामकाजाच्या नोंदीत का नाही?"

"ते मला माहीत नाही. अकरा सभासद होते. नऊ आता नाहीत. दोघांना मी भेटले, त्यांना आठवत नाही." ती थांबली. "आणखी एक व्यक्ती तिथे होती. ती लिहीत होती."

"नाव सांगा मग."

"नाव नाही सांगणार. बाबांनी बजावलं होतं, तिच्याकडे कधी मागायचं नाही. तिला तिच्या नोकरीवर जगायचं होतं. स्वतःहून दिलं तर घ्यायचं. नाहीतर आपलं आपण बघायचं." आणि तिने पुढचा कागद उलटला. "आता बाजाराजवळच्या नळांकडे येते."

ती खरोखरच नळांकडे आली. लोकही तिच्याबरोबर गेले. सातव्या रांगेतल्या दोघी मात्र मागेच राहिल्या.

"वन्सं," वहिनी हळू म्हणाल्या. "ती व्यक्ती म्हणजे तुम्ही."

"हो."

"तो बोलला होता?"

"बोलला होता. मी सगळं टिपलं. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, हे कामकाजात घेऊ नका. मी टंकताना गाळलं."

वहिनी तिच्याकडे वळल्या. मग त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न येणार हे आत्याला ठाऊक होतं, "ह्यांना माहीत होतं?"

"त्याच आठवड्यात सांगायला गेले होते. दादा म्हणाला, पुढे बोलू नकोस, मला काही ऐकायचं नाही. पण तो बोलला होता, एवढं त्याने ऐकलं होतं."

"पाटी लावायच्या आधी?"

"आधी."

वहिनींनी मांडीवरचं पत्रक घडी करून ठेवलं. "मी धाकटीशी बोलले नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं. मला वाटायचं, हिच्या नवऱ्याने घर बुडवायला घेतलं होतं आणि हिने त्याला अडवलं नाही. तिच्या माहेरी वडील वारले तेव्हाही गेले नाही मी."

त्या उठल्या. लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत, कुणाची माफी न मागता, सरळ पहिल्या रांगेपर्यंत गेल्या आणि धाकटीसमोर उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते आत्याला ऐकू आलं नाही. कदाचित काहीच बोलल्या नसतील. धाकटीने वर पाहिलं, थोडा वेळ तशीच पाहत राहिली, आणि मग शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

आत्या एकटी उरली. भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटतही होती, पण त्याहून जास्त तिला एक कुतूहल लागलं होतं. धाकट्याने मुलीला काय काय सांगितलं होतं? मी लिहीत होते हे त्याच्या कधीपासून मनात होतं? आणि माहीत असून त्याने मला एकदाही का विचारलं नाही? या प्रश्नांची उत्तरं खुर्चीत बसून मिळणार नव्हती. ती उठली.

व्यासपीठाच्या पायरीशी एका कार्यकर्त्याने तिला अडवलं. "आजी, पाणी हवंय का?"

"नाही. माइक हवाय."

तो गोंधळून मागे वळला. मौनी बोलता बोलता थांबली होती. तिने आत्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा क्षणभर सात वर्षांच्या मुलीचा झाला. काही न विचारता ती माइकपासून बाजूला झाली.

आत्याने माइकपुढे तोंड नेलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती भाषण देऊ शकत नव्हती, ते तिला येत नव्हतं. तिला फक्त समोरच्याला लिहून घेता येईल अशा गतीने बोलता येत होतं, तशीच ती बोलली.

"मी नगरसभेत लघुलेखक होते. पंपचालक माझा धाकटा भाऊ. बैठक सोमवारची, सायंकाळी सहाची. विषय क्रमांक सात संपल्यावर तो आत आला. तो काय बोलला ते मी लिहिलं होतं. आता सांगते. मला पक्कं आठवतं तेवढंच सांगते."

मैदान शांत झालं. कठड्यावरच्यांनीही भोंगा खाली केला.

"'अध्यक्ष महाराज, मी थेट पंपघरातून आलोय, कपडे बदलायला वेळ नव्हता, माफ करा. टाकीतल्या पाण्यावर तीन दिवस तवंग येतोय. पहिल्या दिवशी साहेबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. आज सकाळी मी ते पाणी स्वतः प्यायलो. दुपारपासून जीभ जड झालीय, तुम्हाला ऐकताना कळत असेल. ते विषारी आहे की नाही मला माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच आलोय. ज्याला कळतं त्याने तपासावं, आणि तपासून होईपर्यंत लोकांना सांगावं, पिऊ नका.'" आत्याने श्वास घेतला. "मध्ये त्याने कारखान्याच्या नळ्यांची मापं सांगितली. ती मला आठवत नाहीत."

अजून एक शेवटचं वाक्य उरलं होतं. ते घरचं होतं. ते ती इथे बोलली नाही.

"अध्यक्ष म्हणाले, हे घेऊ नका. मी घेतलं नाही. आणि आता यांनी वाचलं ते वाक्य, कोणतीही पूर्वसूचना न देता, तेही महिन्याभराने मीच टंकलं."

"वही आहे का तुमच्याकडे?" कठड्यावरून प्रश्न आला. आता भोंग्याशिवाय.

"नाही. वह्या पाच वर्षांनी जाळतात. हे माझ्या डोक्यातलं आहे. पटत नसेल तर घेऊ नका."

"मग तेव्हा का गप्प बसलात?"

"नोकरी जाईल म्हणून," आत्या म्हणाली. "भावाची गेली. माझी राहिली."

टाळ्या झाल्या नाहीत. काही लोक उठून गेले, कठड्यावरच्यांपैकीही दोघे गेले. पण बरेच जण एकमेकांकडे वळून बोलायला लागले. त्या उन्हाळ्यात आपल्याकडेही पाण्याला वास येत होता, असं एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं. दुसरा म्हणाला, मग एवढी वर्षं बोलला का नाहीस, तर तो म्हणाला, मला कुणी विचारलं कुठे.

सभा संपल्यावर मौनी आत्याला व्यासपीठामागे घेऊन गेली. तिथे गुंडाळलेल्या वायरी पडल्या होत्या. दोघी एका पेटीवर बसल्या.

"जीभ जड झाली होती, हे मला माहीत नव्हतं," मौनी म्हणाली. "बाबा फक्त म्हणायचे, चार मिनिटं बोललो. काय बोललो ते कधी सांगितलं नाही."

"तो ते पाणी प्यायला होता, हे आईला तरी माहीत होतं?"

"आईलाही नाही. आत्ता तिचा चेहरा बघितलास ना."

आत्याने मग तिचा प्रश्न विचारला. "मी लिहीत होते, हे त्याला कधी कळलं?"

"कधी म्हणजे? तू समोर बसली होतीस ना त्यांच्या." मौनी तिच्याकडे आश्चर्याने बघत होती. "बाबा म्हणायचे, सगळे सभासद खिडकीबाहेर बघत होते, म्हणून मी तुझ्या आत्याच्या पेन्सिलीकडे बघून बोललो. पेन्सिल थांबली नाही, म्हणून मी थांबलो नाही."

 आत्याने मौनीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

वहिनी आणि धाकटी मैदानाच्या फाटकाशी उभ्या होत्या. "तुम्ही व्हा पुढे," वहिनींनी आत्याला सांगितलं. "मी हिच्याकडे जेवून येते." दादांसाठी त्यांनी काही निरोप दिला नाही.

आत्या घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. खाली यंत्र बंद होतं. मुलगा हाताला लागलेली शाई पुसत दाराशी उभा होता. त्याने डोळ्यांनीच आत खुणावलं आणि तो बाहेर निघून गेला. दादा कागदाच्या गठ्ठ्यावर बसले होते, हात गुडघ्यांत धरून.

"भोंग्यांचा आवाज इथपर्यंत येतो," ते म्हणाले. "शब्द लागत नाहीत. पण आवाज तुझा होता."

"हो."

"सांगितलंस का?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली. रागावतील असं आत्याला वाटलं होतं, पण रागावले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "काय म्हणाला होता गं तो?"

आत्याने उभ्या उभ्या सगळं पुन्हा सांगितलं. पंपघर, तवंग, प्यायलेलं पाणी, जड जीभ. दादा जमिनीकडे बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एवढंच?"

"नाही. शेवटी एक वाक्य होतं. ते तिथे नाही बोलले मी."

"बोल."

"'तुम्हाला पत्रक काढायला जमणार नसेल तर माझ्या भावाचा छापखाना आहे. मी त्याला सकाळी सांगतो. तो नाही म्हणणारा माणूस नाही.'"

 बाहेर रस्त्यावर कुणीतरी बोलत गेलं. मग दादा इतक्या हळू बोलले की आत्याला वाकावं लागलं.

"आला होता तो. सकाळी सातला. मी दार अर्धंच उघडलं. अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता आदल्या रात्री, मी भडकलेलो होतो. म्हटलं, आधी त्यांची माफी माग, मग माझ्या दारात ये. तो काहीतरी सांगत होता. हातात कागद होता त्याच्या. मी दार लावलं."

"आणि?"

"साडेआठला त्याने पाणी बंद केलं."

आत्या त्यांच्या शेजारी गठ्ठ्यावर बसली.

"कागदावर काय होतं?" तिने विचारलं.

"मी विचारलंच नाही," दादा म्हणाले.